गावाकडून आलेले तीन टेंपो

सूरत, ८ मार्च १९९८

तीर्थरूप आनंदाभाऊ,

तुला आणि वहिनीला किसनचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल. वहिनीचा गुडघा कसा आहे? हरभरा घरात आला का?

पेपरात वाचलंच असशील, तरी माझ्या तोंडून ऐक. तुझा धाकटा भाऊ आमदार झाला! सचिन औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात बॉयलरशी डोकं लावणारा इंजिनियर आता गांधीनगरला विधानसभेत बसणार. मिरवणुकीत गुलाल इतका उडाला की छाया म्हणाली, "यातला माझा नवरा कोणता, ते तरी सांगा." खोटं कशाला बोलू, हारांनी मान दुखली, पण एकही हार काढावासा वाटला नाही.

तीन वर्षांत तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस. यालाही देशील याची खात्री नाही, म्हणून सगळंच लिहून टाकतो.

इथल्या आपल्या वस्तीला पाणी नव्हतं, तेव्हा मी पाइपलाइनचा नकाशा काढून एका साहेबाकडे गेलो होतो. त्याने तो उघडलासुद्धा नाही. "भाई, तमारी वस्तीमां मत केटला?" मतं किती, एवढंच विचारलं. मतं होतीच कुठे! आपली खान्देशी माणसं राहणार सुरतेत, हंड्यासाठी भांडणार सुरतेत, आणि मतदान आलं की टेंपोत बसून गावी जाणार. मग मी घरोघर फिरलो. पाया पडलो, शिव्या खाल्ल्या, आणि गावच्या यादीतली नावं इकडे आणली. त्याच मतांवर पंचाण्णवला नगरसेवक झालो. नळाला पहिलं पाणी आलं त्या दिवशी शेजारच्या उषाबाईंनी आख्खा हंडा माझ्या डोक्यावर ओतला.

आणि त्याच वर्षी गावच्या पंचायतीत तू नऊ मतांनी पडलास. सुरतेहून दरवेळी येणारा टेंपो तेवढा आला नाही. तो माझ्यामुळे आला नाही, हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. मी चुकलो असं आजही लिहिणार नाही, भाऊ. त्याच मतांनी नळ आले. पण तू पडल्याचं कळलं त्या संध्याकाळी मी भरल्या ताटावरून उठलो, हेही तितकंच खरं.

आता मुद्द्याचं. यंदा मतदान महाशिवरात्रीला लागूनच आलं आणि अर्धी वस्ती गावच्या जत्रेला निघून गेली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. दुपारी मतदान केंद्राबाहेर कपाळाला हात लावून उभा होतो, तर समोर तीन टेंपो येऊन थांबले. गच्च भरलेले. जत्रेला गेलेली आपलीच माणसं! पहिल्या टेंपोतून धुडकू ड्रायव्हर उतरला.

"कोनी धाडं रे तुले?" मी विचारलं.

"माले आन घालेल शे, नाव सांगाव नही. पहिले यास्ले शिक्का मारू द्या, मंग इचारा."

त्याने घातलेली शपथ पाळली, शेवटपर्यंत नाव घेतलं नाही. पण एका म्हातारीने झाडाखाली फडकं सोडलं, त्यात कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. तिने मला एक तुकडा दिला. दहावीपर्यंत मी तीच चटणी डब्यात नेली आहे. इतका लसूण आख्ख्या तालुक्यात फक्त वहिनी घालते. भरल्या गर्दीत मी रडलो. लोकांना वाटलं, चटणी तिखट होती.

भाऊ, मी सत्तर मतांनी निवडून आलो. तीन टेंपोंत माणसं त्याहून जास्त होती. ज्याने तुला पाडलं, त्यालाच तू आमदार केलंस. इतकं मोठं मन मला जमलं नसतं.

शपथविधीला धुडकूला टेंपो घेऊन पाठवतो आहे. मागे कुणी नको, पुढच्या सीटवर तू आणि वहिनी बसा. मिरवणुकीतला एक हार राखून ठेवला आहे. तो आधी तुझ्या गळ्यात पडेल, मग मी शपथ घेईन.

तुझ्याच मतांनी निवडून आलेला,
किसन