अंगणातली दोरी

केनी,

मशीनचा ड्रायर लावू नकोस. प्लग मी काढलाय. सकाळी आले तेव्हा घरभर करपल्याचा वास होता आणि आई मशीनसमोर नुसती उभी होती. म्हणाली, "तापतंय, पण बंद कसं करायचं ते केनीने सांगितलं नाही." तिचं लाल लुगडं मधोमध जळलंय.

आतली जाळी काढली तर मूठभर लाल कापूस निघाला. मशीन आणल्यापासून तू ती एकदाही साफ केलेली दिसत नाही. त्यात नऊवारी लुगड्याचा आत गोळा होतो, हवा खेळत नाही, मग तापणारच. जाळी धुऊन ठेवलीय. पुन्हा तापलं तर मेकॅनिकला बोलव, आईला उभं करू नकोस.

लुगडी अंगणातल्या दोरीवर चांगली वाळत होती. गाडी लावायला जागा हवी म्हणून ती दोरी तू कापलीस.

आईला मी माझ्याकडे गिरीजला नेतेय. रविवारी चर्चमध्ये मिस्साला ती तेच लुगडं नेसणार आहे. म्हणते, जळलेला भाग निऱ्यांत जाईल, केनीला काही बोलू नकोस.

म्हणून लिहून ठेवलं.

ॲंजेला