ऑइलच्या डब्याला लावलेला कान

१६ ऑगस्ट, शनिवार
चतुर्थीला आमची लेक क्षमा येणार. बंगळूरची पीएच.डी. संपत आली. विषय: द्रवातले रेणू कसे हलतात ते त्यांच्या कंपनांवरून ओळखणे. म्हणजे आमचं गॅरेजचंच काम. साखळी गावच्या वळणावर गाडी दिसायच्या आधी आवाजावरून सांगतो तिचं काय बिघडलंय ते. ठरवलं: चतुर्थीपर्यंत तिचा विषय शिकायचा, आणि गॅरेजवरची खोली तिला लॅबला द्यायची. मुलगी घरी राहील. खोलीतले टायर खाली आणले. रंग उद्या.

१७ ऑगस्ट
विमला स्वयंपाकघरात फोनवर हळू आवाजात क्षमाला सांगत होती, बाबांक आताच सांगू नको, चतुर्थी होऊं दी. बायकोला वाटतं मला ऐकू येत नाही. सप्टेंबरात माझी साठी. सरप्राइज दिसतंय. आपण गप्प राहायचं.

१९ ऑगस्ट, दुपार
व्हिडिओ बघितला. घन पदार्थात प्रत्येक अणू आपल्या जागेला स्प्रिंगने बांधल्यासारखा. एक हलला की सगळे हलतात, पण त्या गोंधळातून ठरावीक झोके वेगळे काढता येतात, प्रत्येकाचा सूर वेगळा. त्यांना मोड म्हणतात. इथवर पटलं. द्रवात मात्र जागाच पक्की नाही. तिथून व्हिडिओतला माणूस फळ्याकडे वळला तो वळलाच.
मग प्रॅक्टिकल. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ऑइलच्या डब्यावर, मूठ कानाला. काही ऐकू आलं नाही. ऑइल चांगलं असणार. आमचा दोडामार्गचा ट्रकवाला दोस्त मधुकर बघत उभा होता. विचारतो, मेस्त्री, डबो काय म्हणता? सांगितलं, तुझ्या डोक्याबाहेरचं आहे. म्हणाला, ता खरा, पण माझो ट्रक कधी बघतलात?
ट्रक राहिलाच.

२१ ऑगस्ट
क्षमाला फोन. म्हणाली, बाबा, द्रवाचा एका क्षणाचा फोटो काढल्यासारखं करायचं आणि त्या क्षणापुरते मोड मोजायचे. त्यातल्या काहींची वारंवारता गणितात काल्पनिक येते. मी म्हटलं, मग ते काढून टाक, उरलेल्यांवर पीएच.डी. दे. म्हणाली, बाबा, ठेवते हं. लिहून घ्यायची घाई असावी.

२६ ऑगस्ट
माटोळी बांधली. गणपतीच्या वरच्या लाकडी चौकटीला नारळ, कोहळा, तवशी, सुपारीचे घोस, डोक्याएवढी तोरिंजनं, म्हणजे पपनसं. दरवर्षी रानातल्या सालीच्या दोरांनी बांधतो. यंदा ट्यूब कापून पट्ट्या केल्या आणि फळंही एकमेकांना जोडली. एक नारळ ढकलला, अख्खी माटोळी डुलली. मोड, डोळ्यांसमोर. विमला म्हणाली, देवाच्या माथ्यार टायर बांदतात? टायर नव्हे, ट्यूब, हे समजावताना घसा बसला. क्षमा उद्या सकाळी पोचेल. माटोळी दाखवायची आणि लगेच खोलीचं सांगायचं.

२७ ऑगस्ट, चतुर्थी
आरतीत झांजा सुरू झाल्या, दाराच्या वाऱ्याने माटोळी नाचायला लागली. क्षमाला कोपराने खुणावलं, बघ. ती बघतच होती. आधी कोहळा सुटला, मधुकरच्या खांद्यावरून नेवऱ्यांच्या ताटात. मागोमाग तोरिंजनं. देवाला धक्का लागला नाही. मधुकर खांदा चोळत म्हणाला, मेस्त्री, ह्या घट्ट होता, आता पातळ झाला.
जेवताना क्षमाने समजावलं. काल्पनिक म्हणजे खोटे नव्हेत, बाबा. त्या दिशेने ढकललं तर रेणू झोका घेऊन परत येत नाही, जागा सोडून पुढे जातो. द्रव वाहतो कसा, ते त्यांच्यावरून कळतं. माझं सगळं काम त्यांच्यावरच आहे.
मग म्हणाली, मला जर्मनीत पुढचं संशोधन मिळालंय. तीन वर्षं. चौदा तारखेला निघायचं.
विमला वरणात बघत होती. मी म्हटलं, मला माहीत होतं, फोनवर ऐकलंय. तरी जेवणानंतर खोली दाखवली. रंग छान आहे म्हणाली.

९ सप्टेंबर
आज साठी. सरप्राइज नाही. माटोळीची फळं नातेवाइकांकडे पोचवून आल्यापासून गाडीत आवाज आहे. वळणावर मागून गडगड, मग थप्. निदान: मागचं उजवं बेअरिंग. बदललं.

१४ सप्टेंबर, रविवार
क्षमाला मोपा विमानतळावर सोडलं. आवाज चालूच. डिचोलीत उतरून ऐकलं, पेडण्यात उतरून ऐकलं. डावं बेअरिंगही गेलंय, अशा गाडीने लांब जाणं बरं नाही, परत फिरू, असं सुचवलं. क्षमा म्हणाली, बाबा, चला, चेक-इन बंद होईल.
तिथे बॅगा काढायला डिकी उघडली. कोपऱ्यात माटोळीतलं एक तोरिंजन, सुटं. क्षमा हसली, पाया पडली, गेली. काचेपलीकडे दिसेपर्यंत उभे होतो.
परत येताना विमलाला विचारलं, तुला हा आवाज कधी आला नाही? म्हणाली, चतुर्थी झाल्यापासून येतो. तोरिंजन आसा तेंय कळ्ळें. पण तुम्ही एवढे कान देऊन ऐकत होतात, म्हटलं मधी कित्याक बोलूं.
तोरिंजन डिकीतच आहे. साखळीपर्यंत वाजत आलं. काढतो उद्या.