तुताईकाकांची गोधडी

मी, अकाईती माताईओ तेरेमा, वय ऐंशी, शिक्षण मॅट्रिक, व्यवसाय संसार, राहणार वाईपाए, ऐतुताकी बेट, देवाला स्मरून आणि चष्मा पुसून हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. प्रकृती वयाला शोभेल अशी आहे. कोणी दडपण आणलेले नाही. माझ्या नणंदबाई तुआईने यांनी या घरात आल्यापासून तेच काम केले. परंतु ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये असे कोर्टातल्या कारकुनाने सांगितल्यामुळे त्यांना आज अंगणात बसवले आहे. त्या खिडकीतून सूचना करीत आहेत. त्या सूचना कायदेशीर धरू नयेत.

एक. जमीन माझ्या वडिलांच्या कुळाची आहे. ती आमच्याकडे रक्ताने येते आणि रक्ताने पुढे जाते. विकता येत नाही, की कागदावर लिहून कोणाला देता येत नाही. म्हणून मी ती कोणाला देत नाही, आणि न दिल्याबद्दल कोणी रुसू नये. घर मात्र माझे यजमान कै. माताईओ आणि मी मिळून बांधले. ते लग्नानंतर घरजावई म्हणून इथे आले, आणि भावाला करमणार नाही म्हणून मागोमाग वन्संही आल्या. या घरात माझी मुलगी मेरेआना हिने राहावे. मुलगा तामातोआ ऑकलंडहून येईल तेव्हा पुढची खोली त्याची. त्याने येताना अंघोळीचे साबण आणू नयेत. कपाट भरले आहे.

दोन. बँकेतल्या शिलकीतून आधी माझ्या दफनाच्या दिवसाचे जेवण व्हावे. डुक्कर घरचेच घ्यावे, विकत आणू नये. उरलेल्यातून काही चर्चच्या छपराला आणि बाकीचे दोन्ही मुलांना सारखे. हिशेबाची वही शिवणयंत्राच्या खणात आहे, हिशेब जुळलेला आहे, पुन्हा बेरीज करून दमू नये.

यातूनच दर एप्रिलला, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी छातीवर लावायच्या लाल कागदी पॉपीच्या डब्यात माझ्या नावाने दहा डॉलर टाकावेत, पण फूल घेऊ नये. माझे फूल आहे. दरवर्षी दुकानाबाहेर डबा घेऊन उभे राहणारे आमचे निवृत्त पोस्टमास्तर तेइना माझ्याशी यावरून वाद घालतात.

"अकाईतीबाई, पैसे टाकलेत, आता फूल घ्या की."

"गेल्या वर्षीचं चांगलं आहे. इस्त्री केलीय."

"अहो, दरवर्षी नवं लावायचं असतं."

"का? मेलेला माणूस दरवर्षी नव्यानं मरतो?"

यावर वन्सं म्हणाल्या, "तेइना, वहिनीच्या त्या पॉपीला आता पेन्शन सुरू करा." हे बोलणे मी विसरलेले नाही, पण माफ केले आहे. पॉपी मेरेआनाला.

तीन. शिवणयंत्र, लोखंडी भांडी आणि रविवारच्या पांढऱ्या विणलेल्या टोप्या मेरेआनाला. बायबल तामातोआला, त्याने उघडावे या अटीवर. चर्चच्या गायनात माझ्या जागी नूरोआबाईंनी बसू नये. बसल्याच तर वरचा सूर लावू नये.

चार. आता मुख्य गोष्ट. अंगणात पुढच्या बाजूला जी पांढरी कबर आहे ती माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची, तुताईकाकांची. काका पहिल्या महायुद्धात गेले. जहाजावर चढताना आजीला म्हणाले, "आई, माझा वाटा ठेव गं, आल्यावर खातो." ते तिकडे वाळवंटात तापाने गेले आणि तिथेच त्यांना पुरले. निरोप आला तेव्हा आजी सरकारी माणसाला म्हणाली, "माझं पोर कुठं निजणार ते मी ठरवीन." आणि तिने प्रवाळ भाजून चुना केला आणि अंगणात कबर बांधून घेतली, वर पत्र्याचे छप्परही. आत कोणी नाही. दगडावर नाव आहे.

या कबरीवर मी पाढे पाठ केले. माताईओ दुपारी तिच्यावर आडवे होत. वन्सं तिच्यावर चटईची पाने वाळत घालतात. आणि एप्रिलात ॲन्झॅक दिनी, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनी, पहाटे बंदराजवळच्या स्मारकापाशी नावे वाचून झाली, बिगूल वाजले, डोळे पुसून झाले, की आम्ही सगळे घरी येतो आणि जास्वंदीच्या माळा काकांच्या दगडावर घालून तिथेच न्याहारीला बसतो. डोनट, उकडलेली केळी, डब्यातले मांस, लिंबाच्या पानांचा चहा. पहिला वाटा काकांचा. मग ढोल निघतो. शेजारचे म्हणतात, तुमच्याकडे युद्ध संपल्याची बातमी दरवर्षी नव्याने येते की काय.

पाच. यंदा त्या न्याहारीलाच तामातोआने विषय काढला.

"आई, इथे पर्यटकांसाठी दोन खोल्या काढू. समुद्र इथूनच नीट दिसतो."

"इथे काका आहेत."

"काका इथे नाहीत, आई. आत कोणीच नाही. नुसता चुना आहे."

"मग आपण दरवर्षी वाटा कोणाला वाढतो?"

"मला! लहानपणापासून तो मीच खातोय."

सगळे हसले. मीही हसले. माझा मुलगा वाईट नाही. एरवी या दिवशी ऑकलंडच्या थंडीत पहाटे उठून पॉपी लावून उभा राहतो. परंतु कुळातल्या दोन-तीन जाणत्यांनीही माना डोलावल्या, की भरलेली कबर कोणी हलवणार नाही, रिकामीचे काय. मी गेल्यावर त्यांना नाही म्हणणारे कोणी उरणार नाही. मेरेआनाचा स्वभाव मऊ आहे.

सहा. माझ्या खोलीतल्या पेटीत एक गोधडी आहे, पांढऱ्यावर लाल पॉपीची. आमच्याकडे माणसाला त्याच्या गोधडीत गुंडाळून मातीत ठेवतात. काकांना सैन्याचे कांबळे मिळाले असेल, तेही कोणाचे वापरलेले. म्हणून मी गावच्या बायकांकडून ही त्यांच्यासाठी शिवून घेतली. ती त्यांच्यापर्यंत कशी जाणार याचा तेव्हा विचार केला नव्हता.

नक्षी वन्संनी कापली. बेटावर कोणी खरी पॉपी पाहिली नव्हती. वन्संनी कागदाची पॉपी उलटसुलट केली आणि म्हणाल्या, "याची जीभ कुठं गेली?"

"फुलाला कसली जीभ?"

"जास्वंदीला नसते? पाकळ्या आहेत, मध्ये बटण आहे, जीभ नाही. न्यूझीलंडच्या बोटीत तुटली असेल."

मी नको म्हणत असताना त्यांनी प्रत्येक पॉपीला पिवळ्या दोऱ्याची लांब जीभ काढली, आणि पाने नीरफणसाची लावली. आमचे यावरून इतके वाजले की माताईओ मासे पकडायला गेले ते अंधार पडल्यावरच आले. पुढे ऑकलंडला तामातोआच्या शेजाऱ्यांच्या बागेत आम्ही दोघींनी खरी पॉपी पाहिली. मी म्हटले, "बघा वन्सं, जीभ आहे का?" वन्संनी वाकून पाहिले. म्हणाल्या, "जीभ नाही, पण मिशा आहेत. मी बायकांसाठी काढली होती, ही पुरुषांची आहे."

मेरेआना त्या जिभा उसवायचे म्हणते. उसवू नयेत. काका गेले त्या वाळवंटात पॉपी होती की नाही, मला ठाऊक नाही. जास्वंद मात्र ते बघताच ओळखतील.

सात. तरी मी पूर्ण विचाराने ठरवले आहे की मला तुताईकाकांच्या कबरीत ठेवावे, त्या गोधडीत गुंडाळून. दगडावर काकांचे नाव आहे तसेच वर राहू द्यावे. माझे खाली, लहान अक्षरात. म्हणजे गोधडी त्यांच्या नावाखाली पोचेल, कबर रिकामी राहणार नाही, आणि ज्यांना माना डोलवायच्या त्यांनी दुसरीकडे डोलवाव्यात. हे मी ऑकलंडला परत गेलेल्या तामातोआला काल फोनवर सांगितले.

"आई, हे तू मुद्दाम करतेयस."

"हो रे बाळा."

"म्हणजे खोल्या नाहीत."

"मागे नीरफणसाजवळ बांध. तिथूनही समुद्र दिसतो थोडा."

"थोडा म्हणजे?"

"झाडावर चढलं की."

तो इतका हसला की पलीकडून त्याच्या बायकोने काय झाले म्हणून विचारले. मग म्हणाला, "आणि काकांचा वाटा?"

"आलास तर तू खा. तुझी सवय मोडायची नाही."

"येईन," म्हणाला. हे मी इथे लिहून ठेवते, म्हणजे त्याला नाकारता येणार नाही.

आठ. यामुळे अंगणातच माताईओंच्या कबरीशेजारची माझी जागा रिकामी होते. ती सिमेंट घालून तयार आहे. मी माताईओंना प्रार्थनेत विचारले. ते गप्प राहिले. हयातीतही ते गप्प राहिले की होकार समजायचा, अशीच आमची रीत होती. ती जागा मी वन्संना देते. त्या मांगाईया बेटाच्या. या जमिनीत त्यांचे रक्त नाही, आणि तिकडे त्यांचे आता कोणी उरलेले नाही. "मी मेले की होडीत घाला आणि मांगाईयाच्या दिशेनं ढकला," असे त्या जेवताना म्हणतात आणि पुन्हा भात घेतात. ती होडी कोणी काढू नये. कुळातल्या सर्वांची यासाठी मी घरोघरी जाऊन संमती घेतली आहे. वन्संनी भावावर जन्मभर हक्क सांगितला. आता तो त्यांचा.

हे कलम मी खिडकीशी जाऊन मोठ्याने वाचले. "वन्सं, ऐकलंत का?"

उत्तर नाही. आमच्या घरात असे प्रथमच घडले. साक्षीसाठी बसलेले पोस्टमास्तर तेइना उठून पाहायला गेले आणि तोंडावर हात ठेवून परत आले. वन्सं माताईओंच्या शेजारी सिमेंटवर सरळ आडव्या झाल्या होत्या, टोपी छातीवर.

"वहिनी!" आत ऐकू येईल इतक्या मोठ्याने त्या ओरडल्या. "पाय बाहेर येतायत गं!"

"गुडघे दुमडा!"

"जन्मभर तुझ्या घरात दुमडूनच निजले. इथे तरी सरळ निजू दे!"

म्हणून वरील कलमात ही वाढ: सदर जागा पायाच्या बाजूने हातभर वाढवावी, खर्च माझ्या शिलकीतून, आणि काम मी जिवंत असतानाच सुरू करावे, म्हणजे सिमेंट किती लागते ते मला पाहता येईल.

व्यवस्था पाहणार : माझी मुलगी मेरेआना.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, वाचून दाखवला, आणि मला तो पसंत आहे.

सही : अकाईती माताईओ तेरेमा

साक्षीदार :
१. तेइना इसामाएला, निवृत्त पोस्टमास्तर, वाईपाए (सही)
२. तेपाएरू, पाळकांच्या पत्नी, वाईपाए (सही, हसल्यामुळे थोडी वाकडी आली आहे, ती माझीच)

ठिकाण : वाईपाए, ऐतुताकी
दिनांक : २ मे २०१९, गुरुवार