पुनर्विवाह केलेला नाही

प्रिय आई,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, जेवलीस का आणि थंडी आहे का यातच वेळ जातो, म्हणून लिहिते आहे. जेवले. थंडी आहे. इथेच हॉलंडमध्ये, आइंडहोवनला नोकरी पक्की झाली, सोमवारी रुजू होते. टिलबर्गची खोली सोडली, सायकल तेवढी बरोबर आणली.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, घाबरशील म्हणून. टिलबर्गला बाबा माझ्या वर्गात यायचे. शेवटच्या रांगेत, गणवेशात, बूट ओले. मी दुसरीत असताना ते सीमेवर लढताना गेले, त्यामुळे चेहरा फोटोतलाच दिसायचा. बोलायचे नाहीत, नुसते बसायचे. पुण्याचं इंजिनिअरिंग आणि इथलं मास्टर्स, दोन्ही त्यांच्या पलटणीच्या कल्याण निधीवर झालं, म्हणजे ते गेले म्हणून झालं. त्यामुळे अंगात ताप असला तरी मी तास बुडवला नाही. मैत्रिणी मला फार सिन्सियर म्हणायच्या. भीती वाटायची गं, दुसरं काही नव्हतं.

लहानपणी दर नोव्हेंबरला तू मला बँकेत न्यायचीस. हयातीचा दाखला द्यायचा आणि त्याखाली सही, पुनर्विवाह केलेला नाही. सही करताना तू माझ्याकडे बघायचीस. मी सातवीत असताना संजीवकाकांनी तुला लग्नाचं विचारलं. बाबांचे पलटणीतले दोस्त, सुट्टीवर आले की आपला नळ, फ्यूज, सगळं नीट करून जायचे. तू त्यांना म्हणालीस, तसं केलं तर आर्याचं शिक्षण थांबेल. मी दाराआड उभी होते. काका निघून गेले ते पुन्हा आले नाहीत. नंतर नळ गळायला लागला की तू बादली लावून ठेवायचीस, महिनोन्महिने.

गेल्या आठवड्यात शिष्यवृत्ती संपली, म्हणून आभार मानायला मी निधीच्या कार्यालयात फोन केला. तिथल्या बाई गप्पिष्ट निघाल्या. बोलता बोलता म्हणाल्या, ही मदत मुलांच्या हक्काची, आईने दुसरं लग्न केलं तरी थांबत नाही, पहिल्यापासून तसंच आहे. ती सही पेन्शनची होती, आई. माझ्या शिक्षणाचा तिच्याशी काही संबंध नव्हता. तू कुणाला विचारलंच नाहीस. विचारणार तरी कशी होतीस म्हणा, लोकांनी काय काय अर्थ काढले असते. मी कालव्याच्या काठावर बसून रडले. बाबा शेजारी उभे होते. ते माझ्यावर पहारा करायला येत नव्हते, असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं. तुझ्याबद्दल काही सांगायला येत असतील.

तुला हे कळवावं की नाही, या विचारात चार रात्री झोपले नाही. गेलेली वर्षं परत येत नाहीत आणि तुला नुसता त्रास होईल. पण लपवलं तर पुढचीही जातील. आई, तू लग्न कर. पेन्शन गेली तर जाऊ दे, आता मी कमावते. काल मी स्वतःच संजीवकाकांना फोन केला. ते साताऱ्यात असतात, एकटेच. सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, तुझ्या आईचा उजवा गुडघा आता जिना चढताना दुखतो का. आई, तुझ्या गुडघ्याचं मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, आणि तो दुखायला लागला तो ते यायचे थांबल्यावर. बाबा त्यांच्याकडेही जातात की काय?

तुझीच,
आर्या