इवाबुचींचा उजवा हात

पेडगाव, १२ फेब्रुवारी १९९०, सोमवार

पोचले एकदाची! परभणीला नामांतराचा मोर्चा होता, त्यामुळे नांदेडची पॅसेंजर तासभर अडकून पडली. पण स्टेशनवर मल्लम्माकाकू स्वतः न्यायला आल्या होत्या. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि तोंडाचा पट्टा असा की घर येईपर्यंत मला अख्खं गाव कळलं. त्यांच्याकडेच माझी राहायची सोय आहे. मागच्या दोन खोल्यांत जपानहून आलेले इवाबुचीसान राहतात, ज्यांच्यासाठी मी आले. दिवाळी अंकाला त्यांचं चरित्र हवंय आणि एक नवं चित्र. मी चित्रकला शिकवते, म्हणून संपादकांनी मला धाडलं.

तोक्योचा एवढा नावाजलेला चित्रकथाकार कसा बोलेल, या धास्तीत होते. म्हातारा हसून म्हणाला, “या सत्यशीलाबाई. लय ऊन हाय न्हवं?”

जेवताना पाहिलं, ते डाव्या हाताने जेवतात. उजवा हात उपरण्याने छातीशी आवळलेला. जुनं दुखणं असेल.

१३ फेब्रुवारी

दिवसभर लिहून घेतलं. सतराव्या वर्षी एका मोठ्या चित्रकाराकडे उमेदवारी. चार वर्षं नुसत्या खिडक्या, नळ आणि विजेच्या तारा काढल्या. माणूस काढायची परवानगी नव्हती. मग बरीच वर्षं दुसऱ्यांसाठी काम, आणि पंचेचाळिशीत स्वतःची मालिका. धुराने काळवंडलेलं शहर, संगणकांचं राज्य, आणि झिजलेले हातपाय टाकून यंत्राचे बसवून घेणारी माणसं. आठवड्याला एकोणीस पानं, अकरा वर्षं, हाताखाली सहा जण. जुने अंक दाखवले. एकेका पानावर हजारो रेषा, एकही डळमळीत नाही.

१९८० साली ऐन भरात सगळं सोडलं. भाऊ परभणीच्या कृषी विद्यापीठात सोयाबीनच्या कामाला आला होता, त्याच्यामागे आले. भाऊ परत गेला, हे राहिले. विद्यापीठातून निवृत्त झालेल्या शेजारच्या दिनकररावांनी त्यांना इथे खोली मिळवून दिली.

चित्राचं विचारलं तर मान हलवली. “न्हाई बाई. चित्र न्हाई.”

१५ फेब्रुवारी

आज कारण सांगितलं. हाताखालच्या मुलांचे चेहरे ते मालिकेत वापरत. एकाला चित्रात काचेचा डोळा बसवला. महिन्याभरात त्या मुलाचा खरा डोळा गार पडला, पापणी मिटेना. दुसऱ्याला पोलादी पाय दिले. तो चालत सुटला तो थांबलाच नाही. तीन गावं ओलांडून रस्त्यात मेला.

“तुम्हाला कळलं होतं?” मी विचारलं.

“कळलं व्हतं. पर अंक खपायलाता. मी थांबलो न्हाई.”

पुढे हात थकू लागला, म्हणून एका पानावर त्यांनी स्वतःचाच हात काढला, न थकणारा. त्यानंतर हातच चित्रं काढायचा, हे नुसते बसून असायचे. दहा वर्षं तो असा बांधून ठेवलाय.

वहीत मी लिहिलं: अतिश्रम, मनावर परिणाम.

१७ फेब्रुवारी, शनिवार

लिहायला लाज वाटते. दुपारी ते बाजेवर झोपले होते. चित्राशिवाय परत कशी जाऊ? उपरण्याची गाठ मी सोडली, आणि कागद, दौत जवळ ठेवून टाक हातात घेतला. हात माठासारखा गार. मी टाक पुढे करायच्या आत त्याने तो माझ्या बोटांतून घेतला. ते झोपलेलेच होते.

पाच मिनिटांत चित्र झालं. माझा उजवा हात. अंगठ्याजवळचा तीळसुद्धा. कातडी उलगडलेली, आत चाकं आणि तारा.

इतकं सुंदर रेखाटन मी कधी पाहिलं नाही.

१८ फेब्रुवारी

चित्र पाहून ते रागावले नाहीत. कागद मांडीवर घेऊन बराच वेळ रडले.

मल्लम्माकाकू मात्र खुशीत. “बाबा आज उजव्या हातानं जेवायलेत! धा वर्षांत पयल्यांदा!”

माझ्या हाताला सकाळपासून मुंग्या येत आहेत.

१९ फेब्रुवारी

मुंग्या गेल्या. आता काहीच कळत नाही. चुलीवरचा तवा धरून पाहिला — चटका नाही, फोड नाही. कानाशी नेला तर आतून गुणगुण येते, टेलिफोनच्या खांबातून येते तशी.

२० फेब्रुवारी

ते गेले. सकाळच्या एसटीने, एक पिशवी घेऊन. निघताना माझ्या पायावर डोकं ठेवलं. उजवा हात माझ्या पायाला लागला. ऊबदार, थरथरता, म्हाताऱ्या माणसाचा.

म्हणाले, “माफ कर, माये. पर त्यो हात मी परत घेणार न्हाई.”

२१ फेब्रुवारी

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर समजून घ्यावं.

दिनकरराव विचारपूस करायला आले होते. ते बोलत असताना माझ्या उजव्या हाताने चुलीतला कोळसा उचलला. भिंतीवर त्यांचे पाय — गुडघ्यापासून लोखंडी — मी डाव्या हाताने पुसत होते, तो काढतच होता.

दुपारपासून दिनकरराव महादेवाच्या देवळाला फेऱ्या घालताहेत. लोक आधी पाया पडले. आता दोघं-तिघं कंबर धरून ओढताहेत. थांबत नाहीत. पायांतून रक्त —

२२ फेब्रुवारी

उजवा हात बाजेच्या पायाला करकचून बांधून घेतलाय. काढणीचा दोर कापतोय, नखांनी. एक पदर राहिला —

काकूंना सांगितलं, येऊ नका. दाराबाहेरून म्हणाल्या, “उपाशी ठेवू का तुला? लेकीसारखी हायस.”

सुटला. कोळसा त्याच्याकडे —

कडी वाजली. ताट घेऊन आत — काकू, नको, मागे फिरा — हसताहेत — तो आधी डोळे काढतोय, त्यांचे डो