पावणेचारचं पाणी

नेरूळ, १९८४

गोजरा,

रबाळ्याच्या कारखान्यातल्या नोकरीसाठी परवा तुझी बुद्धीची चाचणी घेतली, ती मी. ठोकळे जुळवण्यात तू सगळ्यांच्या पुढे होतीस. ते गुण नसते, तर चौथी नापास म्हणून साहेबांनी तुझा अर्ज बाजूलाच टाकला असता. मग चित्रं क्रमाने लावायची होती. आमच्या पुस्तकात होडी सकाळी निघते, संध्याकाळी परतते. तू उलटं लावलंस. मी शून्य दिलं.

जाताना तू सहज बोललीस, "बाई, आज पंचमी हाय. भरती पावनेचारला. सकाली होरी चिखलान रुतलेली, ती निंगल कशी?" तिथीच्या पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, पंचमीच्या पाचाचे पावणेचार, हे तुमच्या सारसोळे गावात म्हणे लहान मुलींनाही येतं.

मला हसू आलं. तरी दुपारी खाडीवर गेले. तुझ्या बापाची कलंडलेली होडी हळूहळू सरळ झाली, तरंगली. पाणी चढत चढत एका जागी थबकलं. घड्याळात पावणेचार!

धावत ऑफिसात परतले. निकाल तीनलाच गेला होता. दोन गुणांनी तू राहिलीस.

त्या चित्रांना दोनच गुण होते.

हे पत्र टाकायचा धीर नसलेली,
जयमाला