लग्नातला काटा आणि फुकट उपचाराचा माझा हक्क

माननीय मेहुणे वंग खाईशान यांस,

मागोंगच्या बेटावरून श्यू तेफा हात जोडून विचारतो की तब्येत बरी आहे ना? शूफेन वहिनींचा रक्तदाब खाली आला का? (माझ्यामुळे वर गेला असेल तर आधीच माफी मागतो.) नवरा-नवरी सुखात असोत. इकडे समुद्रमातेच्या कृपेने मी ठीक आहे. फक्त डॉक्टरांनी आठवडाभर तोंड उघडायचं नाही म्हणून सांगितलंय, त्यामुळे फोनऐवजी पत्र. शेजारीपाजारी फार खूश आहेत.

तुमच्या बोहानच्या लग्नात, नवरीच्या आईचं भाषण चालू असताना मी उठून चालता झालो, त्याचा तुम्हाला राग आला असं ऐकलं. येणारच. पण घडलं ते असं. जेवणातला नववा पदार्थ आला, अख्खा वाफवलेला मासा. चाळीस वर्षं मी मासे धरले, त्यामुळे टेबलावरच्या तुमच्या शहरी पाहुण्यांना काटा कसा ओळखावा हे समजावून सांगत होतो. समजावता समजावता तो माझ्याच घशात आडवा बसला. मी उठून उभा राहिलो, तर तुमच्या साडूंना वाटलं मला बोलायचंय, त्यांनी माझ्या हातात माईक दिला. त्यात मी जे आवाज काढले ते तुम्ही ऐकलेतच. लोकांना वाटलं गहिवरून आलंय, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. नवरीची आई खरोखर रडली. अशा वेळी मी आणखी काय करणार? निघालो.

युनचू मला टॅक्सीत घालून मोठ्या इस्पितळाच्या तातडीच्या विभागात घेऊन गेली. (तुमची बहीण आहे, संकटात डोकं शांत.) खिडकीवर एक चष्मेवाली मुलगी होती. तिने माझं विमा कार्ड यंत्रात घातलं आणि विमा वगळून रुग्णाने स्वतःच्या खिशातून किती वाटा भरायचा ते सांगितलं. तो आकडा ऐकून काटा अर्धा इंच खाली सरकला. मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "आम्ही बेटावरचे. आम्हाला हा वाटा माफ असतो."

"माफ असतो काका, पण बेटावर उपचार घेतले तर."

"म्हणजे काटा तिकडे अडकायला हवा होता?"

"मासा तिकडेच खाल्ला असता तर बरं झालं असतं," ती म्हणाली. थट्टा नाही, अगदी काळजीने.

मेहुणे, तुम्ही शहरात राहता, तुम्हाला कळणार नाही. वाऱ्यापावसात बोट बंद, विमान बंद, खाऱ्या हवेने भिंती झडतात, त्या बदल्यात सरकारने आम्हाला एक माफी दिलीय. ती मी तुमच्या काओश्योंग शहरातल्या खिडकीवर सोडून द्यायची? मी कार्ड मागून घेतलं. युनचू म्हणाली, "अहो, बोटीचं तिकीट याच्याहून महाग आहे." मी म्हटलं, तिकीट हा प्रवास झाला, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. तिने पर्स बंद केली. मग म्हणाली, "मग जा तुमच्या तत्त्वाला घेऊन. मी दादाकडे राहते." मला वाटलं, लग्नघर आहे, राहू दे चार दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने निघालो. साडेचार तास लाटा. बोट वर गेली की काटा खाली, बोट खाली आली की काटा वर. शेजारच्या बाईने मला भाताचा गोळा न चावता गिळायला लावला, दुसरीने व्हिनेगर पाजलं, आणि एका म्हाताऱ्याने पाठीत असा गुद्दा घातला की जणू त्याचं नि माझं काही जुनं वैर असावं.

मागोंगच्या इस्पितळात मी विजयी वीरासारखा शिरलो. इथे वाटा माफ. फक्त डॉक्टरच इथे नव्हता. घशाचा डॉक्टर काओश्योंगला गेलेला. (एका लग्नाला. तुमच्या नव्हे, मी विचारलं.) घशात नळी घालून बघायचं यंत्र दुरुस्तीला. तिथल्या तरुण डॉक्टरने बॅटरी मारून काटा पाहिला, त्याचं कौतुक केलं आणि एक चिठ्ठी लिहून दिली: काओश्योंगला जावे. मी कपाळाला हात लावला. तो म्हणाला, "घाबरू नका काका, इथे सोय नाही म्हणून आम्ही पाठवलं की तिकडेही तुमचा वाटा माफ." मेहुणे, मला त्या पोराला मिठी मारावीशी वाटली!

सोमवारी पहिल्या विमानाने परत. तेच इस्पितळ, तीच खिडकी, तीच चष्मेवाली. मी चिठ्ठी पुढे सरकवली. तिने ती दोनदा वाचली. "वाटा माफ," ती म्हणाली, "पण नाव नोंदवायचे पैसे द्यावे लागतील. ते कुणालाच माफ नाहीत." मी वाद घालायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. घसा सुजून गच्च झाला होता. मुकाट्याने भरले. आत डॉक्टरने चिमटा घातला आणि मिनिटात काटा बाहेर. रागावून म्हणाला, आणखी एक दिवस गेला असता तर अन्ननलिकेला भोक पडलं असतं. वर बोलायची बंदी घातली.

बाहेर आलो तर हाडांच्या विभागासमोर युनचू बसलेली.

मला बोलायची मनाई, त्यामुळे एकतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ती सलग बोलली. म्हणाली, "तुमचा काटा तीन दिवस होता. माझा गुडघा सहा वर्षं आहे. दर वर्षी तुम्ही म्हणता, बेटावर हाडांचा मोठा डॉक्टर येईल, तिथे माफ होईल, थांब. त्याची यायची तारीख असते तेव्हा वाऱ्याने विमान बंद, आणि वारा नसतो तेव्हा तो येत नाही. बंदराच्या पायऱ्या मी बसून उतरते, हे तुम्ही पाहिलंयत का?" नव्हतं पाहिलं. मी नेहमी पुढे चालतो. मग तिने मला तारीख दाखवली. येत्या अठराला गुडघा बदलणार. तिने स्वतःच नाव घातलं, स्वतःच सह्या केल्या. मी मान हलवली. आणखी काही करता येत नव्हतं, आणि करता आलं असतं तरी काय बोललो असतो कोण जाणे.

तर लग्नाचं सगळं असं झालं. राग मनातून काढावा. नवरीच्या आईला माझा नमस्कार सांगावा.

आपला,
तेफा

ता. क. खरं काम राहिलंच. खाटेशेजारी सोबत राहणाऱ्याच्या रकान्यात युनचूने शूफेन वहिनींचं नाव लिहिलंय. वहिनींना अठराला थोडी सर्दी होऊ शकेल का? खोकला नको, शिंका पुरेत. त्या जागी मी बसेन. सतराच्या विमानाचं तिकीट काढलंय, घडीची खाट लहान असते ती मला चालेल. युनचूला आधी कळू देऊ नका, नाहीतर ती नको म्हणेल.

दुसरा ता. क. इस्पितळात भरती झाल्यावर जो वाटा पडेल तो सगळा मी भरणार आहे. त्यात काही माफी मिळते का हे मी विचारलंय का, असं तिने विचारलं तर नाही म्हणून सांगा.

(विचारलं होतं. मिळत नाही.)